नमुन्याच्या बाटलीचा इतबार

प्रयोगशाळेचा शिक्का असलेला कागद हाती आला की पाण्याची चिंता मिटली, असे मानणारी पुष्कळ सज्जन माणसे मला भिगवणच्या परिसरात भेटली. त्या कागदावर माझा पूर्वीइतका इतबार का उरला नाही, हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

उजनीच्या फुगवट्यालगतच्या एका वस्तीवरील सार्वजनिक विहिरीचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला, आणि तरीही ऐन पावसाळ्यात घरोघर जुलाबाची साथ पसरली. चौकशीअंती कळले की नमुन्याच्या आदल्याच संध्याकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनयुक्त जंतुनाशक पावडर सढळ हाताने टाकली गेली होती, आणि नमुना गेला होता शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून. प्रयोगशाळेचा यात काय दोष? तिने समोर आलेले पाणी तपासले.

जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती विसळू नये, काठोकाठ भरू नये, झाकणाच्या आत बोट लागू देऊ नये. क्लोरिनयुक्त पाण्यासाठी दिलेल्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते. ते उरलेला क्लोरिन निकामी करते, आणि विसळण्याच्या उत्साहात नेमके तेच वाहून जाते. रासायनिक तपासणीचा शिरस्ता अगदी उलट: ती बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावयाची. कूपनलिकेचा पंप आधी काही मिनिटे चालू द्यावा, एरवी नळीत साचलेल्या पाण्याचीच परीक्षा होते. जंतूंचा नमुना बर्फाच्या पेटीतून, शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर चोवीस तासांत पोचवावा.

परंतु या उसाच्या मुलखात मला खरी धास्ती वाटते ती नायट्रेटची. शेतास वर्षानुवर्षे दिलेला युरिया आणि गोठ्या-शोषखड्ड्यांतील घाण मुरमातून झिरपत भूजलास मिळते. पाणी मचूळ झाले तर जीभ सांगते, नायट्रेटला मात्र रंग नाही की वास नाही. भारतीय मानक १०५०० अन्वये विरघळलेल्या क्षारांस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा, दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत शिथिल होते. नायट्रेटच्या ४५ मिलिग्रॅमला मात्र सवलत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटून नायट्रेट अधिक दाट होते, आणि सहा महिन्यांच्या आतील तान्ह्याच्या दुधाच्या भुकटीत असे पाणी गेल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होऊ शकते.

शेजाऱ्याच्या अहवालावर विसंबणेही व्यर्थ. येथील काळ्या बेसाल्टात पाणी भेगाभेगांतून फिरते, त्यामुळे एकाच बांधावरच्या विहिरीचा आणि बोअरचा गुण निराळा निघू शकतो.

म्हणून विहीरमालकांस विनंती अशी की, पावसाळ्यापूर्वी व नंतर आपल्याच विहिरीचा नमुना द्यावा, बाटलीवर गट क्रमांक, तारीख, वेळ आणि शेवटची टीसीएल कधी टाकली ते लिहावे, आणि दोन्ही अहवाल सातबाराच्या दप्तरात जपून ठेवावेत.