जिथं बळ चालत नाही

कोल्हापूर,
दि. १२ ऑगस्ट

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बाड मंगळवारी कुरिअरनं आलं. दोन रात्रींत वाचून काढलं. पेन्सिल हातात होतीच. तीस वर्षं प्रुफं तपासल्यावर ती सुटत नाही. सुपरहिरो आणि झोंबी एकाच कादंबरीत म्हटल्यावर तुझे बाबा हसले, असं लिहितोस. मला हसू आलं नाही. कल्पनेला नावं ठेवू नयेत, तिचं पुढं काय केलं ते बघावं.

आता पान १९ काढ. तुझा नायक उडत येतो आणि एका दमात दोनशे झोंबी लोळवतो. पुढच्या प्रकरणात तीनशे, त्याच्या पुढच्यात पाचशे. समासात मी एवढंच लिहिलंय, 'मग?' बेरीज वाढत जाते रे, गोष्ट तिथंच राहते.

पीटर क्लाइन्सची 'एक्स-हीरोज' मिळवून वाच. २०१० साली आलेली ही त्याची पहिलीच कादंबरी, आणि विषय तुझाच. लॉस एंजेलिस मेलेल्यांच्या ताब्यात गेलंय. उरलेली माणसं हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओच्या भिंतीआड राहतात, त्या जागेला 'माउंट' म्हणतात आणि बाहेरच्या झोंबींना 'एक्स', म्हणजे माजी माणसं. त्यात गॉर्गन नावाचा वीर आहे. नजरेला नजर भिडली की समोरच्याची ताकद तो ओढून घेतो. गुंडांना पुरून उरणारा गडी; पण मेलेल्या डोळ्यांतून ओढणार काय? दुसरा झॅप. तो निव्वळ ऊर्जेचं रूप घेतो. एवढ्या मोठ्या वीराला वस्तीत काम काय, तर वीज पुरवायची! तो बसून राहतो तेव्हा बाकीच्यांचे दिवे लागतात. पान उलटावंसं वाटतं ते अशा ठिकाणी.

आपल्याकडचं भूत आठव. मुंज्याची काही इच्छा राहिलेली असते, वेताळाला नारळ-कोंबडा चालतो. म्हणजे बोलणी करता येतात. जॉर्ज रोमेरोनं १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये जे मढं चालवलं, त्याला फक्त भूक आहे. ते भीत नाही, लाजत नाही, शरण येत नाही. आणि १९३८मध्ये सुपरमॅन आला तेव्हापासून सुपरहिरोचा सगळा धंदा चाललाय तो घाबरणाऱ्या खलनायकाच्या जिवावर. दोघांना समोरासमोर आणलं की वीराची अर्धी विद्या फुकट जाते. तुझ्या विषयातलं खरं सोनं हेच, आणि तू त्यावरून उडत गेलास. फरसाणावर नुसता कट ओतला म्हणून मिसळ होत नाही. एकाची चव दुसऱ्यात उतरावी लागते.

दुसरी गोष्ट जागेची. क्लाइन्सनं सिनेमा-टीव्हीच्या सेटवर प्रॉप्सचं काम केलेलं. स्टुडिओचा किल्ला करायला त्याला नकाशा लागला नसणार. तू मात्र न्यूयॉर्क निवडलंस, जिथं पाऊल टाकलेलं नाहीस. तुझ्या ब्रुकलिन पुलावर ना वारा लागतो, ना वास येतो. अरे, कॉलेजपासून तू मार्केट यार्डात बाबांच्या गाळ्यावर बसतोस. पहाटे ट्रक कुठल्या फाटकातून आत येतो, गोणी पाठीवर घेताना हमाल श्वास कधी सोडतो, कांद्याच्या ढिगात एक सडका निघाला की शेजारचे किती भरभर जातात, हे तुला झोपेतही सांगता येईल. बाहेर मढी आणि आत रोज कमी होणारा माल! याहून चांगला किल्ला तुला अमेरिकेत मिळायचा नाही.

तेव्हा सगळी कादंबरी पुन्हा लिहायला बसू नकोस, घाबरशील. फक्त पान १९ घे. नायक हवेत आहे, त्याला खाली गाळ्यावर उतरव. समोर उपाशी माणसांची रांग, मागं अर्धी गोणी तांदूळ. वाटप त्याच्या हातात दे. त्याच्या मुठीत डोंगर फोडायची ताकद आहे, पण त्या मुठीनं तांदूळ मोजायचे तर ते किती जणांना पुरतात ते बघू. तेवढं प्रकरण पाठव.

ताईला नमस्कार सांग. बाबांना म्हणावं, हसून झालं असेल तर पोराला दुपारचे दोन तास मोकळे द्या.

तुझी,
मावशी

ता. क. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या नाहीत. त्या मागाहून. आधी नायक जमिनीवर येऊ दे.