रूथ आणि वेशीवर अडलेल्या आया

वाचन : अनुवाद २३:३; रूथ १:१५-१९; ४:१३-१७

मवाब्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा नियम होता. रूथ तर मवाबी. तरीही तिला मुलगा झाला तेव्हा शेजारणी जमल्या, त्याचे नाव त्यांनीच ठेवले आणि नामीने त्याला उराशी घेतले. हा भाग शिकविताना आम्ही बवाजाच्या शेतातच रेंगाळतो; शेजारणींपर्यंत पोहोचेतो घंटा होते!

धार-देवासची कित्येक मराठी घराणी अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. बायकामुले आली म्हणूनच येथे आपली भाषा टिकली. पुढे १८९५ साली कॅनडाच्या मिशनने धारला काम सुरू केले. डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दवाखाना चालविला. एकटी परदेशी बाई आली, तिला कोणी वेशीवर अडविले नाही.

परंतु त्यांच्याच देशाने १९०८ साली नियम केला की, आपल्या देशातून मध्ये न थांबता सरळ आलेल्यासच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तशी आगबोट नव्हती. नियमात हिंदी माणसाचे नावही नव्हते, पण दार त्यालाच बंद झाले. तेथे गेलेले बहुतेक पंजाबी पुरुष. त्यांच्या बायका गावीच राहिल्या. १९१२ साली भागसिंग व बलवंतसिंग कुटुंबे घेऊन व्हँकुव्हरला पोहोचले. पुरुषांना उतरू दिले, बायकांना परत धाडण्याचा हुकूम निघाला. काही महिन्यांनी केवळ मेहेरबानी म्हणून त्यांना राहू दिले. भागसिंगांची पत्नी हरनाम कौर १९१४ साली बाळंतपणानंतर वारली. तिच्या भाषेच्या बायका त्या शहरात फारच थोड्या होत्या. बायकामुलांना आणण्याची मोकळीक १९१९ साली मिळाली. सरळ प्रवासाची अट १९४७ साली गेली.

आपली सीमा राखण्याचा देशाला हक्क आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण नियम करणाऱ्याला बाळंतीण दिसत नाही. आज देवासची लेक नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेला जाते. बाळंतपणाला आईला बोलावले, तर तिला बहुधा सहा महिनेच राहता येते. इकडे वडील अत्यवस्थ झाले, तर लेक मनात हिशेब करते : पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपली आहे, गेलो आणि वकिलातीची तारीख लवकर मिळाली नाही, तर मूल तिकडे, आपण इकडे. पुष्कळदा ती येतच नाही, आणि गावात लोक म्हणतात, पोरगी विसरली. आम्हीही असे बोललो आहोत.

शिक्षकांनी वर्गात विचारावे : आपल्या मंडळीतील कोणाची लेक परदेशी बाळंत झाली, आणि तेव्हा तिच्याजवळ कोण होते?