पहिली मॅरेथॉन आणि धावपटूची नोंदवही

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची धाव होय. हे अंतर १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते सर्वत्र प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले. मधल्या काळात अंतर कमीअधिक असे. १९२० साली अँटवर्प येथे ते ४२.७५ किलोमीटर होते. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांच्या सुमारास धाव पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. पुढे १९७८ साली शिवनाथ सिंग यांनी जालंधर येथे हे अंतर २ तास १२ मिनिटांत कापले. तो भारतीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला.

असे असामान्य धावपटू विरळाच. परंतु निरोगी सामान्य मनुष्यालाही योग्य तयारीने मॅरेथॉन पूर्ण करता येते. ही तयारी कशी करावी, आणि विशेषतः रायपूरसारख्या उष्ण मैदानी नगरात ती करताना काय ध्यानी ठेवावे, याचा विचार येथे करू.

शरीरात निर्माण होणारी उष्णता

धावताना शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलोग्रॅम वजनाचा धावपटू तासाभरात १० किलोमीटर धावला, तर ६०० किलोकॅलरी खर्च होतील. यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे ४५०, उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजेच ही उष्णता शरीरातच साठली, तर एका तासात तापमान ९ अंशांनी वाढेल, आणि इतक्या तापमानात मनुष्य जगू शकणार नाही.

या संकटातून घाम आपणास वाचवितो. १ लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. मात्र केवळ ठिबकून गेलेला घाम शरीरास थंड करीत नाही. तो त्वचेवर वाळला पाहिजे. १९१२ साली स्टॉकहोम येथे कडक उन्हात झालेल्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगास स्निग्ध लेप लावला होता व त्यामुळे घामाचा मार्ग अडला, असे मानले जाते.

आता रायपूरच्या ऋतूंकडे पाहू. मे महिन्यात तेथे दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्या वेळी हवा त्वचेहून अधिक तप्त असते, त्यामुळे ती शरीराची उष्णता घेण्याऐवजी त्यात भरच घालते. पावसाळ्यात तापमान उतरते खरे, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीतील पहाट मात्र थंड व कोरडी असते. म्हणून ऑक्टोबरच्या आरंभी सराव सुरू करून फेब्रुवारीच्या आरंभी पहिली मॅरेथॉन धावणे, हा रायपूरच्या हवामानास मानवणारा क्रम होय.

सरावाचा क्रम

स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली शर्करा साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम असते. तीतून १६०० ते २००० किलोकॅलरी मिळतात, तर संपूर्ण मॅरेथॉनला वरील धावपटूस सुमारे २५०० किलोकॅलरी लागतात. उरलेली ऊर्जा चरबीतून मिळते, परंतु ती हळूहळू मिळते. सराव नसलेल्या धावपटूचे पाय ३० किलोमीटरच्या पुढे शिशासारखे जड होतात, त्याचे हे मुख्य कारण आहे. नियमित सरावाने स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे लोटते आणि चरबी अधिक प्रमाणात वापरली जाते. हाडे व कंडरा मात्र हृदयापेक्षा सावकाश बळकट होतात. दम टिकू लागला म्हणून एकाएकी अंतर वाढविणाऱ्यास इजा होते, ती याच कारणाने.

ज्यास १० किलोमीटर न थांबता धावता येते, त्याने १८ आठवड्यांचा कार्यक्रम आखावा. आठवड्यातून चार दिवस धावावे. त्यांपैकी तीन दिवस अंतर माफक असावे, आणि वेग असा असावा की सोबत्याशी सहज बोलता येईल. चौथ्या दिवशी लांब धाव घ्यावी. ती १० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्यास २ किलोमीटरने वाढवावी. प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीरास विसावा द्यावा आणि नंतर पूर्वीच्या पायरीवरून पुढे जावे. या रीतीने १५ व्या आठवड्यात ३० किलोमीटरचा टप्पा ओलांडता येतो. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरते ठेवावे.

नोंदवहीचे महत्त्व

वरील कोष्टक सर्वांसाठी एकच आहे, शरीरे मात्र भिन्न आहेत. आपणास कोणता भार सोसतो, हे कोष्टक सांगू शकत नाही. ते स्वतःच्या नोंदींतूनच कळते. याकरिता साधी वही पुरे. तीत दररोज दिनांक, वेळ, हवेचे तापमान, अंतर, लागलेला काळ, सकाळी जागे होताच मोजलेले नाडीचे ठोके, झोपेचे तास आणि कोठे दुखत असल्यास ते, एवढे लिहावे.

नोंदींचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. समजा, एक धावपटू तेलीबांधा तलावाच्या काठी ५ किलोमीटर अंतर ३५ मिनिटांत धावतो. ऑक्टोबरमध्ये २६ अंश तापमानात धाव संपताच त्याची नाडी १६४ भरते, तर डिसेंबरमध्ये १४ अंशांत १४८. ही सारी प्रगती सरावाची आहे काय? नाही. गारव्यामुळेही नाडी मंदावते, कारण त्वचेकडे कमी रक्त पाठवावे लागते. सरावाचा खरा परिणाम जाणण्यासाठी अंतर, काळ आणि तापमान सारखे असलेल्या दिवसांचीच तुलना केली पाहिजे. तापमानाचा रकाना गाळला, तर वही आपली फसवणूक करील.

सकाळची नाडी सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा ७-८ ठोक्यांनी अधिक भरली, किंवा एकाच जागी वेदना वारंवार नोंदली गेली, तर विश्रांती घ्यावी.

पाण्याचा हिशेबही वहीत मांडावा. धावण्यापूर्वी वजन ६० किलोग्रॅम होते, नंतर ५९ भरले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्याले, तर सुमारे दीड लिटर घाम गेला. मात्र तहानेपेक्षा फार अधिक पाणी पिणेही घातक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. धावल्यानंतर वजन वाढलेले आढळले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा पावले अडखळू लागली, तर तत्काळ थांबावे. अशा माणसास सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे व वैद्यकीय मदत बोलवावी. हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी सरावापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

पूर्ण मॅरेथॉन ही प्रौढांची धाव आहे. विद्यार्थ्यांनी तिचा हव्यास धरू नये. तथापि नोंदवहीचा प्रयोग शाळेतही करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकाच मार्गावर, एकाच वेळी, एकाच वेगाने १ किलोमीटर धावा. धाव संपताच आणि दोन मिनिटांनंतर नाडी मोजा. हवेचे तापमान लिहा. अखेरीस सारख्या तापमानाचे दिवस वेगळे काढून त्यांचा आलेख काढा. दोन मिनिटांत नाडी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागली आहे काय, हे पाहा आणि आपल्या आलेखाची वर्गातील इतरांच्या आलेखांशी तुलना करा.