झोप नसली की माणूस वेगळा का वागतो

चार दिवसांची ट्रीप मारून तांडेल घरी येतो आणि क्षुल्लक गोष्टीवरून भांडतो. घरची म्हणतात, प्यायला असेल, नाहीतर दर्यावर काही लागलं असेल. पुष्कळदा दोन्ही नसतं. झोप झालेली नसते.

सलग 17 तास जागा माणूस थोडी दारू घेतलेल्यासारखा चुकतो, हे तपासण्यांत दिसले आहे. अमेरिकेत रँडी गार्डनर या 17 वर्षांच्या मुलाने जानेवारी 1964 मध्ये 11 दिवसांचे जागरण पूर्ण केले. चौथ्याच दिवशी त्याला रस्त्यावरची पाटी माणूस वाटली! नंतर 14 तास झोपला तेव्हा सावरला. म्हणून खलाशी 'पाण्यावर कोणीतरी उभं होतं' म्हणाला तर हसू नका, आधी त्याला झोपू द्या.

सुकाणूवर तर डोळे उघडे असतानाही डुलकी लागते. 8 नॉटच्या वेगात 15 सेकंदांत ट्रॉलर 60 मीटर पुढे जातो. मालकांनो, रात्री सुकाणूला दोघे पाळीपाळीने ठेवा.

उलट, कोणी बरेच दिवस झोपत नाही, तरी थकत नाही, अखंड बोलतो, पैसे उधळतो, तर तो आजार असू शकतो. गाऱ्हाणं घालायचं ते घाला, पण बांबोळीच्या मनोरुग्णालयातही त्याला लगेच न्या.