कॅम निवडण्याआधी

भाच्या, तो कॅटलॉग आधी मिट. रेसिंगच्या ट्रकवर काम मिळालं म्हणून तुझ्या मामीने गल्लीत पेढे वाटले, आणि तू आल्या आल्या विचारतोस, मामा, यातला सगळ्यात मोठा कॅम घेऊ का? मोठा म्हणजे काय ते नंतर पाहू. तुझं इंजिन शर्यतीत राहतं कुठे, ते मला अगोदर सांग. काटा किती आरपीएमवर जाऊन येतो हे विचारत नाही. गिअर टाकल्यावर किती आरपीएमवर पडतो आणि पुढचा गिअर टाकेपर्यंत कुठवर चढतो, तेवढा पट्टा सांग. हा पट्टा कागदावर लिहिल्याशिवाय कॅमचं नाव काढायचं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातसुद्धा गिऱ्हाईक आधी सांगतं, घोडा नाचाला हवा की टांग्याला. मग व्यापारी दावं सोडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, कोंडाईबारीच्या घाटात शिकलो. सुरतेकडून भरून आलेली गाडी नवापूर, विसरवाडीपर्यंत कशीही पळते. घाट लागला की इंजिनाचं खरं-खोटं कळतं. माझ्या उमेदीच्या काळात एका गाडीमालकाला पिकअप हवा होता. गाडीला ६९७ इंजिन. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८, सगळं मिळून ५६७५ सीसी, मूळ घराणं मर्सिडीजचं. त्यात मी घासून बदललेला कॅम बसवला. रिकामी गाडी सपाटीवर अशी निघाली की मालक खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी नंदुरबारहून मिरची भरून ती सुरतेला गेली, परत येताना कापडाच्या गाठी घेऊन आली, आणि घाटात तिचा जीव गेला. काळा धूर, दुसरा गिअर, मागे गाड्यांची रांग. चूक सर्वस्वी माझी होती. त्या रात्री इंजिन पुन्हा उतरवताना जे समजलं, तेच आज तुझ्या कानात सांगतो.

पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात हवेला वेग असतो, त्या वेगाने ती आत येत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. हळू फिरणाऱ्या इंजिनात तो वेग नसतो. पिस्टन वर येताना आलेली हवा परत बाहेर ढकलतो. मोठा कॅम म्हणजे उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह. वरच्या आरपीएमला देतो, ते खालून काढून घेतो. डिझेलला याचा मार दुप्पट बसतो. एक तर हवा कमी आणि पंप डिझेल तेवढंच टाकतो, म्हणून काळा धूर. दुसरं, आपल्याकडे स्पार्क प्लग नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. व्हॉल्व्ह उशिरा मिटला की खरा दाब कमी पडतो. थंडीत सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो, पांढरा धूर निघतो. इनलेट-एक्झॉस्ट कधी उघडतात, कधी मिटतात, असे कॅमचे चार आकडे असतात; त्यांत इनलेट कधी मिटतो हा आकडा मी सगळ्यांत आधी बघतो. तूही तोच बघ.

आता तुझ्या शर्यतीचं. २३ मार्च २०१४ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटांनी प्राइमा ट्रकांची पहिली शर्यत भरवली, ती मी टीव्हीवर डोळे न मिटता पाहिली होती. युरोपातल्या ट्रक शर्यतींत हजारावर हॉर्सपॉवरची इंजिनं असतात, पण वेगाची हद्द ताशी १६० किलोमीटर. म्हणजे सरळ रस्त्यावर हद्द गाठली की सगळे सारखे. शर्यत जिंकली जाते वळणातून बाहेर पडताना, पाच टनांवरचं धूड पुन्हा ओढून हद्दीपर्यंत नेताना. तिथे मधल्या आरपीएमचा टॉर्क लागतो. आपल्या घाटासारखंच आहे बघ. पेट्रोल मोटारीच्या रेसिंगची पोरं वरच्या टोकाची पॉवर मागतात, त्यांचं इंजिन सात-आठ हजारांवर फिरतं. तुझं डिझेल तीन हजारांच्या आतबाहेर संपतं. व्हॉल्व्ह क्रँकचे ३०० अंश उघडा ठेवणारा त्यांचा कॅम पाहून भुलू नकोस.

आणि टर्बो आहे, हे विसरू नकोस. एक्झॉस्ट मिटायच्या आत इनलेट उघडतो, त्या वेळात दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. बिनटर्बोच्या रेसिंग इंजिनात याचा फायदा घेतात. टर्बोत मात्र टर्बाइनच्या अलीकडे एक्झॉस्टचा दाब पुष्कळदा इनलेटच्या दाबापेक्षा जास्त असतो. दोन्ही दारं उघडी ठेवलीस तर धूर उलटा घरात शिरेल. म्हणून एक्झॉस्ट आणि इनलेटच्या टोकांमधलं अंतर टर्बोला मोठं ठेवतात, ११२ ते ११६ अंश. बिनटर्बोच्या रेसिंग कॅमला १०४-१०८ दिसेल. कॅटलॉगात हाच आकडा बारीक अक्षरांत असतो. खरं सांगू? टर्बो डिझेलमध्ये कॅमने मिळते त्याहून कितीतरी जास्त पॉवर टर्बो, पंप आणि नोझल देतात. ते जमल्यावरच कॅमकडे ये.

दोन कंपन्यांचे अंश कधी शेजारी ठेवून तोलू नकोस. एक जण व्हॉल्व्ह जागेवरून हलला तिथून मोजतो, दुसरा टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर उचलला गेल्यावर. एकच कॅम एकीकडे २६० दिसेल, दुसरीकडे कितीतरी कमी.

घासून घेतलेला कॅम शर्यतीला नको. कॅमचं कडक केलेलं कातडं पातळ असतं, लेथवाल्याने ते काढलं की खाली मऊ लोखंड. गोलाई लहान झाली की पुशरॉडची लांबीही चुकते. मी एकदा शिकलो, तू पैसे देऊन शिकू नकोस. आणि एमएच ३९ ची रस्त्यावरची गाडी कुणी घेऊन आला तर त्यालाही नको म्हण. परवानगीशिवाय मूळ इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि भरलेली गाडी घाटात अडकली की मागच्या लेकरांचा जीव टांगणीला लागतो.

कॅम आला की डिझेलमध्ये सगळ्यात मोठी भीती पिस्टनची. पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो, व्हॉल्व्हला जागा फार थोडी. मुलांच्या खेळण्यातली माती आणायची, पिस्टनवर थापायची, वरून तेलाचं बोट, म्हणजे चिकटत नाही. हेड गॅस्केट घालून हेड आवळ, टॅपेट सेट कर, क्रँक हाताने पूर्ण दोन वेढे फिरव. दोनच का? क्रँकच्या दोन वेढ्यांत कॅम एकदा फिरतो. कुठे अडलं तर जोर लावू नकोस, मागे फिरव. मग हेड काढून माती ब्लेडने काप, सगळ्यात पातळ जागा मोज. ती टॉप सेंटरला सापडेलच असं नाही. एक्झॉस्ट टॉपच्या जरा आधी जवळ येतो, इनलेट जरा नंतर. पेट्रोलच्या रेसिंगमध्ये इनलेटला दोन, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर ठेवतात. डिझेलला इंजिन बनवणाऱ्याने दिलेला आकडाच धर. स्प्रिंगही बघ. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिच्या वेढ्यांत मिळून दीड मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे.

टायमिंग गिअरच्या खुणा जुळल्या म्हणून थांबू नकोस. क्रँकवर अंशांची चकती, टॅपेटवर डायल गेज लाव आणि कंपनीच्या कागदावरचा आकडा खरा निघतो का ते पहा. दोन-चार अंश कॅम पुढे घेतला तर खालचा ओढा वाढतो, मागे घेतला तर वरचा.

पहिला स्टार्ट. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीच चढवायचा नाही, दोघांचं घासणं एकमेकांशीच जमतं. चपट्या टॅपेटचं तोंड खरं तर किंचित फुगीर असतं आणि कॅमचं टोक किंचित उतरतं, म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला तर जगतो, थांबला तर कॅम खातो. बसवताना कॅमला मॉली पेस्ट लाव. इंजिन लागलं की आयडलवर सोडू नकोस, लगेच दीड-दोन हजारांवर घे आणि वीस मिनिटं खालीवर करत ठेव. आयडलवर तेल टोकापर्यंत नीट उडत नाही. वरचं कव्हर उघडं ठेवून बॅटरी मार, प्रत्येक पुशरॉड गोल फिरतोय ना बघ. एकही थांबलेला दिसला तर तिथेच बंद कर, टीमवाले कितीही घाई करोत.

वीस मिनिटांनी तेल उतरव, टॅपेट पुन्हा फिलर गेजने लाव, तेलाचा फिल्टर करवतीने कापून कागदाच्या घड्या उन्हात उघड. चमक दिसली तर फेकू नकोस. तसाच गुंडाळून बसमध्ये टाक आणि माझ्याकडे पाठव, मी घड्या पाहून सांगतो लोखंड किती आहे ते.