आधी गाडी कडेला, मग माईक

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मोबाईल मुके झाले आणि मुंबईतल्या हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, वायरलेसवरून निरोप पोहोचवले. पुढे मला हॅमचा परवाना मिळाला, तेव्हा गाडीत रेडिओ सेट हवाच, हे त्या आठवणीनेच ठरवलं होतं. शिवाय बोरिवली ते अंधेरी रोजची ये-जा.

पहिली चूक वायरिंगची. ५० वॉटचा सेट बोलताना दहाएक अँपिअर ओढतो आणि मी तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला. बटण दाबलं की फ्यूज उडायचा. शेवटी जाड वायरी थेट बॅटरीवर नेल्या, दोन्ही वायरींना बॅटरीपाशीच फ्यूज घातले. तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माझ्या आवाजामागे अल्टरनेटरची शिट्टी चढायचीच. फिल्टर बसवल्यावर ती गेली. मेट्रोच्या पुलाखाली सिग्नल फडफडायचा. मुलुंडच्या मित्राशी थेट बोलणं तर अशक्यच, कारण १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर; म्हणून आमचं बोलणं रिपीटरवरून, म्हणजे सिग्नल पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्रावरून. त्यामुळे हात सारखा सेटवर: स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) कमी कर, पॉवर वाढव, चॅनेल बदल.

एका पावसाळी संध्याकाळी जोगेश्वरीजवळ रिपीटरवरून त्या मित्राचा कॉलसाईन (हॅमचं ओळखचिन्ह) अर्धवट ऐकू आला. नॉब फिरवायला वाकलो. माईकची वेटोळ्याची वायर गिअरच्या दांड्यात अडकली. ती सोडवून मान वर केली, तर पुढच्या रिक्षाचे लाल दिवे काचेला भिडायला आलेले. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी घसरत हातभर अंतरावर थांबली. रिक्षातलं शाळेच्या गणवेशातलं पोर मागच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून कळकळीने सांगतो. चॅनेल मेमरीत टाकणं, आवाज लावणं, सगळं निघण्याआधी उरका. सेट आणि वायर गिअरपासून लांब बसवा. चालत्या गाडीत फक्त ऐका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. हॅमचा परवाना दाखवून सुटू, या भरवशावर राहू नका.

मी आता माईक ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. मित्राची हाक आली की हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागतो, हँडब्रेक ओढतो आणि मग रिपीटरवरून उत्तर देतो. कधीकधी तोवर तो निघून गेलेला असतो.