‘नाही’ म्हणण्याचा घरचा सराव

पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत मुलं दारातच खेळतात, शेजारच्यांकडे टीव्ही बघतात, ओळखीच्या काकांच्या रिक्षातून शाळेत जातात. ही ओळख मुलांना सांभाळते, पण धोकाही बऱ्याचदा तिच्यातूनच येतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्यांच्या ओळखीचे वा विश्वासातले निघाले होते. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको’ एवढं शिकवून भागत नाही.

कोणासाठी : चार ते आठ वर्षांची मुलं, मुलगे आणि मुली दोघंही.
वेळ : रोज पाच मिनिटं, अंघोळीच्या, जेवणाच्या किंवा झोपायच्या वेळी.
साहित्य : कागद, पेन्सिल, एखादी बाहुली.

कृती

१. अवयवांची नावं सांगा. अंघोळ घालताना कोपर, गुडघा म्हणता त्याच आवाजात शिश्न, योनी, छाती, ढुंगण हे शब्दही वापरा. ‘शू-शूची जागा’ एवढंच माहीत असलेल्या मुलाची तक्रार मोठ्यांना नीट कळत नाही.

२. नियम एका वाक्यात बसवा. ‘चड्डी-बनियनखालचे भाग माझे, तिथे कोणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, स्वतःचे दाखवायचे नाहीत.’ अपवादही सांगा : स्वच्छतेसाठी आई-बाबा, तपासणीसाठी डॉक्टर, तेही आपलं माणूस जवळ असताना.

३. घरात मुलाचा नकार माना. पाहुणे आले की ‘मामांना पापी दे’ असा आग्रह नको. नमस्कार, टाळी की नुसतं हसणं, हे मुलाला ठरवू द्या. आजीला वाईट वाटलं तर तिला बाजूला घेऊन कारण सांगा. गुदगुल्या करताना ‘बास’ म्हटलं की तिथेच थांबा. दुसऱ्यानं ‘बास’ म्हटलं की आपणही थांबायचं, हे त्यातूनच कळतं. घरात ज्याचा नकार कोणी मानत नाही, ते मूल बाहेर कशाच्या बळावर नाही म्हणेल?

४. प्रसंग रचून सराव घ्या. बाहुली घेऊन विचारा : ‘रिक्षावाले काका म्हणाले, मांडीवर बस, तर?’ ‘ताईच्या शिकवणीत कोणी दार लावून घेतलं, तर?’ उत्तर तीन भागांत : मोठ्यानं ‘नाही’, तिथून निघायचं, लगेच सांगायचं. सोबत हेही सांगा, ‘भीतीनं तोंडातून शब्द फुटला नाही, तरी चूक तुझी नाही.’

५. गंमत आणि गुपित वेगळं करा. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत. ती नंतर सगळ्यांना कळणारच असते. ‘कुणाला सांगितलंस तर बघ’ असं कोणी म्हणालं, तर ते गुपित. ते सांगायचंच.

६. पाच बोटं, पाच माणसं. कागदावर पंजा गिरवा. प्रत्येक बोटावर विश्वासाच्या एका माणसाचं नाव मुलालाच लिहू द्या. निदान एक घराबाहेरचं असावं. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं. तळहातावर १०९८ लिहा. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

७. दोस्तांच्या आग्रहाला उत्तर तयार ठेवा. ‘भित्रा कुठला!’ या दोन शब्दांनी मुलं गच्चीच्या कठड्यावर चढतात, संक्रांतीला बंदी असलेला नायलॉन मांजा हातात घेतात, पुडी चाखून बघतात. इथे उपदेश टिकत नाही. छोटं वाक्य टिकतं : ‘मला नको, मी खेळायला चाललो.’ ‘आई ओरडेल’ म्हणून खुशाल आमच्यावर ढकल, ही परवानगीही द्या. मुलानं घरी येऊन खरं सांगितलं तर त्या दिवशी रागावू नका.

मुलानं काही सांगितलंच तर

आवाज चढवू नका. ‘सांगितलंस, बरं केलंस, तुझी चूक नाही’ म्हणा. खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका, दवाखाना गाठा. उपचारांसाठी आधी तक्रार नोंदवायची अट नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुंडलिकनगर पोलीस ठाण्यात जा किंवा ११२ लावा. मुलाचा जबाब घरी घेता येतो. अधिकारी शक्यतो महिला असावी, गणवेशात नसावी, अशी कायद्यात तरतूद आहे. मुलाचं नाव, फोटो, शाळा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

नवी शिकवणी, नवी रिक्षा किंवा सुट्टीतला मुक्काम ठरला की चौथी आणि सहावी पायरी पुन्हा करा. पंजावरची नावं बदलली असतील, तर नवा पंजा गिरवा.